प्रशिक्षकाचा पाय किती वेळा ब्रेकवर गेला?

दारव्हा, दिग्रस, चांदूर रेल्वे अशा तालुक्याच्या गावी मोटार शिकायची म्हटली, की बहुतेकांची सुरुवात काकांच्या गाडीवर आणि पिकाखाली नसलेल्या एखाद्या वावरात होते. काका शिकवतात तेव्हा गाडी काकांचीच असते, त्यामुळे क्लच चुकला की शिकवणे थांबते आणि ओरडणे सुरू होते. जिल्ह्याच्या ठिकाणी मोठी ड्रायव्हिंग स्कूल असतात, पण काही ठिकाणी मागच्या सीटवर आणखी तीन विद्यार्थी आपल्या पाळीची वाट पाहत बसलेले असतात. या दोहोंपेक्षा एकच गाडी बाळगून स्वतः शिकवणारा, शांत स्वभावाचा प्रशिक्षक मिळाला तर तो निवडावा, असे माझे मत आहे; मात्र त्याच्या शांतपणाचा उपयोग करून घेण्याची रीत शिकणाऱ्यालाही ठाऊक असावी लागते.

प्रशिक्षक एकटा असला तरी पैसे घेऊन शिकवण्यासाठी त्याच्याकडे परिवहन कार्यालयाने दिलेला ड्रायव्हिंग स्कूलचा परवाना असणे आवश्यक आहे आणि त्याच्या गाडीत त्याच्या बाजूलाही ब्रेक व क्लच असले पाहिजेत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार खाजगी मोटारीचे प्रशिक्षण किमान २१ दिवसांचे असावे आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान १० तास व्हावेत, अशी तरतूद आहे. हे तास नमुना १५ च्या नोंदवहीत लिहिले जातात, आणि त्यावर प्रशिक्षकाबरोबर शिकणाऱ्याचीही सही लागते. कोरी वही पुढे करून सगळ्या सह्या एकदम मागणारा माणूस कितीही गोड बोलत असला, तरी त्याच्याकडे शिकू नये. प्रवेश घेण्यापूर्वी एका फेरीत मागे बसण्याची परवानगी मागावी. समोरच्या विद्यार्थ्याची गाडी भर चौकात बंद पडली, मागून एसटीचा हॉर्न वाजू लागला, अशा क्षणी प्रशिक्षक स्वतः गाडी पुढे काढतो, की "होऊ द्या, पुन्हा सुरू करा" म्हणून थांबतो, यावरून त्याची परीक्षा होते.

परंतु शांत प्रशिक्षकाचा एक छुपा तोटाही आहे, आणि तो मला फार उशिरा कळला. तो ओरडत नाही, आपल्या बाजूचा ब्रेक हलकेच दाबतो, गाडी वेळेवर थांबते आणि ती आपणच थांबवली असे आपल्याला वाटते. आठव्या दिवशी मी सहज विचारले, "भाऊ, आज किती वेळा पाय लावला?" त्यांनी हसत सांगितले, "अकरा." माझ्या हिशेबी तो आकडा शून्य होता. तेव्हापासून रोज उतरताना मी हा प्रश्न विचारत गेलो आणि कुठे, कशासाठी ब्रेक दाबला हे वहीत लिहून ठेवू लागलो. अकरापैकी सात वेळा कारण एकच निघाले: वळणाच्या आत गेल्यावर मी वेग कमी करत होतो, तो वळणापूर्वीच कमी करायला हवा होता. आपली प्रगती किती किलोमीटर गाडी चालवली यावरून मोजू नये; या आकड्यावरून मोजावी, आणि तो सलग तीन-चार दिवस शून्यावर राहीपर्यंत परीक्षेची घाई करू नये.

पहिले दोन तास मोकळ्या मैदानात फक्त हाफ क्लचवर घालवावेत. ॲक्सिलरेटरला हात न लावता, म्हणजे अर्थात पाय न लावता, क्लच हळूहळू सोडत गाडी सरकवणे आणि पुन्हा थांबवणे जमले, की पुढच्या अर्ध्या अडचणी राहत नाहीत. सीट अशी ठेवावी की छाती आणि स्टिअरिंग यांत सुमारे २५ सेंटिमीटर अंतर राहील.

त्यानंतर मात्र प्रशिक्षकाला गुळगुळीत महामार्गावरच फिरवू नका, असे आवर्जून सांगावे. आपल्याला रोज जायचे आहे ते पांदणीतून, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेतून निघून डांबरी रस्त्यावर चढणाऱ्या वाटेने. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आणलेली काळी माती ओली झाली, की साबणासारखी निसरडी होते. अशा जागी ब्रेक आधी, सरळ रेषेत आणि हलका दाबायचा असतो, हे प्रशिक्षक शेजारी असतानाच करून पाहावे. सोयाबीनच्या दिवसांत कास्तकार रस्त्याच्या कडेला शेंगा वाळत घालतात, त्यावरून चाक घसरते आणि समोरच्याला अर्धाच रस्ता उरतो. बंडी पुढे असेल तर हॉर्न वाजवू नये, कारण बुजलेला बैल कोणत्या बाजूला ओढेल याचा नेम नसतो. संध्याकाळी एक रोही (नीलगाय) रस्ता ओलांडून गेला, की मागून आणखी येतील असे गृहीत धरून थांबावे. रपट्यावरून, म्हणजे ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालूच नये. जोराने वाहणारे सुमारे ३० सेंटिमीटर पाणीसुद्धा लहान मोटार उचलून नेऊ शकते, आणि गढूळ पाण्याखाली रपट्याची कड दिसत नाही.

ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते, म्हणजे धोका दिसून पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतच तीन-चार गाड्यांइतके अंतर संपलेले असते. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यापासून थांबण्याचे अंतर सुमारे चौपट होते. म्हणून पुढची गाडी एखाद्या बाभळीजवळून गेली, की "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन" असे मोजावे. त्याआधी आपण त्या बाभळीपाशी पोहोचलो, तर अंतर कमी आहे. ओल्या रस्त्यावर ही मोजणी दुप्पट करावी.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. तोवर गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावणे आणि शेजारी पक्का परवानाधारक बसलेला असणे बंधनकारक आहे. परिवहन कार्यालयाच्या तालुक्यातल्या शिबिरातली चाचणी बहुधा काही मिनिटांत आटोपते, त्यामुळे ती उत्तीर्ण होणे म्हणजे शिकणे संपणे नव्हे. पक्का परवाना हाती आल्यावर त्याच प्रशिक्षकाबरोबर दोन फेऱ्या रात्रीच्या ठरवाव्यात, शक्यतो दिवाळीनंतर, कापूस जिनिंगकडे निघतो तेव्हा. कारण गंजीसारखा भरलेला ट्रॉलीतला कापूस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो, मागचे दिवे बहुधा झाकलेले किंवा बंद असतात, आणि समोरून येणाऱ्याच्या प्रखर दिव्यांत ती ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. त्या क्षणी नजर समोरच्या दिव्यांवरून काढून रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवायची आणि वेग आधीच उतरवायचा. परतल्यावर तोच प्रश्न भाऊंना पुन्हा विचारावा.