माझा अनुभव: नवा कर्नेल, पण मॉड्यूल लोड होईना

शिरोली एमआयडीसीतल्या कारखान्याचा डेबियन १० (लिनक्सचा एक प्रकार) असलेला पीसी. स्वतः बिल्ड केलेला ६.१ कर्नेल (लिनक्सचा गाभा) टाकला आणि सिरियल कार्ड गायब! मॉडप्रोब (मॉड्यूल शोधून लोड करणारी कमांड) म्हणे कार्डाचं मॉड्यूल, म्हणजे कर्नेलला जोडायचा ड्रायव्हर, सापडत नाही. इन्समॉड कमांडला मॉड्यूलची फाइल थेट दिली तर 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट'. रीबिल्ड, दुसरं कार्ड, सगळं करून झालं. दोन रात्री गेल्या.

डीमेसेजमध्ये (कर्नेलच्या नोंदींत) 'इनव्हॅलिड ईएलएफ हेडर मॅजिक', म्हणजे फाइलची सुरुवातच मॉड्यूलसारखी नाही, असं दिसलं, तेव्हा उजेड पडला. मॉड्यूल झेडस्टँडर्ड या कॉम्प्रेशनने दाबलेले (लहान केलेले) होते, आणि डेबियन १० चं केमॉड (मॉडप्रोब, इन्समॉड वगैरे कमांड देणारं पॅकेज) आवृत्ती २६. केमॉडला झेडस्टँडर्ड कळतं आवृत्ती २८ पासून. (डिस्कचा ड्रायव्हर कर्नेलातच होता, म्हणून मशीन निदान बूट तरी व्हायचं.)

आधी मॉड्यूल फोल्डरातल्या सगळ्या झेडएसटी फाइली उलगडल्या, मूळ दाबलेल्या काढून टाकल्या. मग डेपमॉड (मॉड्यूलची यादी नव्याने बनवणारी कमांड), त्यानंतर मॉडप्रोब. कार्ड लगेच आलं. शेवटी इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) नव्याने बनवला. पुढच्या बिल्डला मॉड्यूल कॉम्प्रेशन 'नन' (काहीच नाही) ठेवलंय.