ऑडिट लॉग एका जागी, किल्ल्या वेगवेगळ्या हातांत

क्लाउड सिक्युरिटीत नव्याने आलेल्यांना मी पहिलं काम देते ते क्लाउडट्रेलचं. एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या) खात्यात कोणी, केव्हा, कुठल्या आयपीवरून काय केलं, हे त्यात कळतं. फुकट मिळणारी इव्हेंट हिस्टरी मात्र 90 दिवसांचीच, आणि सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे लॉग 180 दिवस ठेवावे लागतात. म्हणजे ट्रेल (या नोंदी सतत फाइलमध्ये साठवणारी सेटिंग) करून एस-थ्री बकेटमध्ये (एडब्ल्यूएसच्या फाइल साठवणीच्या जागेत) साठवणं आलंच.

बकेट कुठे ठेवायची, हा खरा प्रश्न. ॲप चालतं त्याच खात्यात ठेवली, तर तिथली ॲडमिन की चोरणारा आधी लॉग पुसेल. म्हणून लॉगसाठी वेगळं खातं काढा आणि ऑर्गनायझेशन ट्रेल, म्हणजे संस्थेच्या सगळ्या खात्यांसाठीचा एकच ट्रेल, लावा. मेंबर खात्यांना तो दिसतो, पण बंद करता येत नाही.

बकेट पॉलिसी (बकेटमध्ये कुणाला काय करता येईल याचे नियम) ओळ न ओळ वाचायची सवय लावून घ्या. लिहायची परवानगी फक्त क्लाउडट्रेलला, तीही सोर्स-एआरएनची, म्हणजे लिखाण कुठल्या ट्रेलकडून येतंय त्या ओळखीची, अट घालून. नाहीतर भलत्याच कुणाचा ट्रेल आपल्या बकेटमध्ये लिहू शकतो. माणसांना फक्त वाचन. फाइलच्या पाथमध्ये खाते क्रमांक असतो, त्यामुळे एखाद्या टीमला तिच्याच खात्याच्या प्रीफिक्सपुरता (पाथच्या सुरुवातीच्या भागापुरता) ॲक्सेस देता येतो. इथे बहुतेक जण अडकतात ते केएमएसवर (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या सेवेवर): एस-थ्रीची परवानगी असूनही ‘ॲक्सेस डिनाइड’ येतं, कारण डिक्रिप्टची परवानगी वेगळी द्यावी लागते. तेव्हा वैतागून पॉलिसीत स्टार (*, म्हणजे ‘सगळं’) टाकू नका. हवी ती एकच ॲक्शन, हवी त्या एकाच कीवर द्या.

लॉग फाइल व्हॅलिडेशन चालू ठेवा. दर तासाला साइन केलेली डायजेस्ट फाइल (लॉग फाइल्सच्या डिजिटल ठशांची यादी) येते, त्यावरून फेरफार झाला का ते तपासता येतं. ऑब्जेक्ट लॉक (फाइल ठरावीक मुदतीपर्यंत पुसू न देणारं कुलूप) कम्प्लायन्स मोडमध्ये, म्हणजे त्याच्या कडक प्रकारात, असेल तर मुदत संपेपर्यंत रूटलाही (खात्याच्या मुख्य लॉगिनलाही) फाइल कायमची उडवता येत नाही. मुदत नंतर कमी करता येत नाही, म्हणून सराव एका दिवसाच्या मुदतीवर करा.

सराव असा करा. फक्त वाचनाचा रोल (ठरावीक परवानग्यांची ओळख) घेऊन एक लॉग फाइल डिलीट करून बघा. नकार मिळेल. आता तो नकार ट्रेलमध्ये शोधा. सापडणार नाही, कारण ऑब्जेक्टवरच्या हालचाली म्हणजे डेटा इव्हेंट, आणि ते आपोआप नोंदले जात नाहीत. त्या बकेटसाठी फक्त डिलीटचे इव्हेंट चालू करा (सगळे केलेत तर क्लाउडट्रेल स्वतःचंच लिखाण नोंदवत बसेल आणि बिल वाढेल), पुन्हा प्रयत्न करा आणि पाचेक मिनिटांनी बघा.