लिपोसोममधून औषध आणि लस देताना या चुका टाळा

लिपोसोम म्हणजे लिपिडच्या, अर्थात मेदासारख्या पदार्थाच्या, पडद्याचा सूक्ष्म पोकळ गोलक, ज्यात भरून औषध शरीरात पोचवले जाते. त्याचा प्रयोग फसला की पहिला संशय औषधावर घेतला जातो, मग लिपिडच्या बाटलीवर, आणि शेवटी यंत्रावर. माझा अनुभव असा आहे की दोष बहुतेक वेळा लिपोसोमच्या पडद्याकडे झालेल्या दुर्लक्षात सापडतो. जेमतेम चार-पाच नॅनोमीटर जाडीचा हा लिपिडचा दुहेरी थर तापमान, क्षार, आम्लता आणि दाब यांतल्या लहानशा बदलानेही गळू लागतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ ॲलेक बँगहॅम यांनी 1960च्या दशकात या पोकळ गोलकांचे वर्णन केले आणि डॉक्सोरुबिसिन या कर्करोगावरील औषधाच्या लिपोसोमला अमेरिकेत 1995 साली मान्यता मिळाली. मधल्या तीस वर्षांतला बराचसा काळ हा पडदा नेमका कशाने बिघडतो हे शिकण्यातच गेला. त्यातल्या बहुतेक चुका आजही प्रत्येक नव्या प्रयोगशाळेत पुन्हा घडतात, म्हणून त्या सविस्तर मांडतो.

तापमान आणि लिपिडची फिल्म

लिपोसोमचा पडदा ज्यांचा बनतो त्या प्रत्येक फॉस्फोलिपिडला स्वतःचे संक्रमण तापमान असते. त्याखाली पडदा ताठर असतो आणि त्यावर तो प्रवाही होतो. डीपीपीसी या फॉस्फोलिपिडसाठी हे तापमान सुमारे 41 अंश सेल्सिअस आहे, तर डीएसपीसी या दुसऱ्यासाठी सुमारे 55 अंश. लिपोसोम बनवताना क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलेले लिपिड काचेच्या चंबूत सुकवून त्याचा पातळ थर, म्हणजे फिल्म, करतात आणि ती पाण्यात किंवा बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) भिजवतात, मग गोलक एका आकाराचे व्हावेत म्हणून द्रावण बारीक छिद्रांच्या गाळणीतून दाबून काढतात. फिल्म भिजवताना पाणी खोलीच्या तापमानाचे असेल, तर डीएसपीसी नीट फुगतच नाही. गोल बुडाच्या चंबूच्या भिंतीला ती खवल्यांसारखी चिकटून राहते आणि कितीही हलवले तरी पातळ दुधासारखे एकसारखे द्रावण तयार होत नाही. पुष्कळ जण बफर गरम करतात, पण चंबू आणि गाळणीचा साचा थंडच ठेवतात. गरम द्रावण थंड धातूत शिरताच पडदा पुन्हा ताठर होतो, दाब वाढतो आणि पॉलिकार्बोनेटची गाळणी फाटते. मिश्रणात अनेक लिपिड असतील तर सर्वांत जास्त संक्रमण तापमान असलेल्या लिपिडच्या वर राहून काम करावे, आणि द्रावणाला स्पर्श करणारी प्रत्येक वस्तू त्याच तापमानाला आणून ठेवावी.

फिल्म काचेवर पातळ आणि एकसारखी पसरलेली दिसली म्हणजे क्लोरोफॉर्म पूर्णपणे उडाला असे नाही. रोटरी इव्हॅपोरेटरवरून (चंबू फिरवत द्रावक उडवणाऱ्या यंत्रावरून) उतरवल्यानंतर चंबू काही तास, शक्यतो रात्रभर, निर्वात पंपावर ठेवावा. उरलेला क्लोरोफॉर्म पडदा सैल करतो आणि पेशींवरच्या चाचणीत तर औषधाऐवजी त्याचाच विषारीपणा मोजला जातो. क्लोरोफॉर्ममधले लिपिड प्लास्टिकच्या नळीत कधीही ठेवू नये. प्लास्टिकमधले घटक त्यात उतरतात. त्यासाठी काचेची सिरिंज आणि टेफ्लॉनच्या झाकणाची बाटलीच वापरावी.

आकाराचा आकडा

गाळणीच्या छिद्राचा आकार हा लिपोसोमचा आकार नव्हे. 100 नॅनोमीटरच्या गाळणीतून काढलेले लिपोसोम त्याहून थोडे मोठेही निघतात, त्यामुळे मोजल्याशिवाय आकार लिहू नये. दोन सिरिंजच्या हातयंत्रात फेऱ्यांची संख्या विषम ठेवण्याची पद्धत आहे, आणि तिच्यामागे कारण आहे: 11 किंवा 21 फेऱ्यांनंतर द्रावण समोरच्या सिरिंजमध्ये येते आणि न गाळलेले मोठे कण सुरुवातीच्या सिरिंजमध्येच मागे राहतात. फेऱ्या सम झाल्या तर तेच कण पुन्हा नमुन्यात मिसळतात.

प्रकाशाच्या विखुरण्यावरून आकार मोजताना आणखी एक सापळा असतो. लहान कणांच्या बाबतीत विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात वाढतो, म्हणून धुळीचे मोजके कण किंवा दोन-चार गुठळ्यासुद्धा संपूर्ण मापन झाकोळून टाकतात. सरासरी व्यासासोबत पॉलिडिस्पर्सिटी निर्देशांक, म्हणजे कणांचे आकार किती विखुरलेले आहेत हे सांगणारा आकडा, पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, तो 0.2च्या वर गेला असेल तर नमुना एकसारखा आहे असे म्हणता येत नाही. झीटा विभवाचा, म्हणजे कणाच्या पृष्ठभागावरील विद्युतभाराचा अंदाज देणारा, आकडा कोणत्या क्षारतेच्या बफरमध्ये मोजला, हे लिहिल्याशिवाय त्याला काही अर्थ उरत नाही.

औषध आत गेले, हे ठरवायचे कसे

सर्वांत जास्त फसगत इथेच होते. पाण्यात विरघळणारे औषध फिल्म भिजवतानाच बफरमध्ये घातले, तर लिपोसोमच्या आत फक्त तेवढेच जाते जेवढे पाणी त्याच्या पोकळीत अडकते. 100 नॅनोमीटरच्या गोलकांमध्ये, नेहमीच्या लिपिड प्रमाणाला, हा वाटा एकूण द्रावणाच्या काही टक्क्यांहून जास्त नसतो. अशा औषधाची 80 किंवा 90 टक्के भरणी दिसली तर आनंद मानण्याआधी मुक्त औषध खरोखर वेगळे झाले होते का, हे तपासावे.

डॉक्सोरुबिसिनसारख्या दुर्बल अल्कलींसाठी मार्ग वेगळा आहे. लिपोसोमच्या आत अमोनियम सल्फेट ठेवून बाहेरचे द्रावण बदलले की विद्युतभाररहित औषध पडदा ओलांडून आत जाते, तिथे प्रोटॉन घेऊन भारित होते, सल्फेटबरोबर स्फटिकरूपात बसते आणि परत बाहेर येऊ शकत नाही. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे बाहेरचे अमोनियम सल्फेट पूर्णपणे न काढणे. तसे झाले तर आत-बाहेरचा फरकच उरत नाही आणि औषध आत ओढले जात नाही. दुसरी चूक परासरण दाबाची. आत 250 मिलिमोलर अमोनियम सल्फेट आणि बाहेर नुसते पाणी असेल, तर पाणी आत धावते आणि गोलक फुगून फुटतात. म्हणून बाहेर त्याच परासरणाचे सुक्रोज किंवा सलाइनचे द्रावण हवे.

भरणी मोजण्यासाठी मी अजूनही सेफाडेक्सचा (मोठे आणि लहान कण वेगळे करणाऱ्या जेल-मण्यांचा) स्तंभच पसंत करतो, कारण त्यात काय चालले आहे ते डोळ्यांना दिसते. डॉक्सोरुबिसिनचा लाल नमुना स्तंभावर ओतला की लिपोसोमचा पट्टा सरळ खाली उतरतो आणि मुक्त औषधाचा पट्टा वर रेंगाळतो. वरचा पट्टा गडद असेल तर भरणी फसली आहे, हे उपकरणाआधीच कळते. पुढे औषधाची चमक (प्रतिदीप्ती) मोजताना मात्र घाई करू नये. लिपोसोमच्या आत दाटीवाटीने बसलेल्या डॉक्सोरुबिसिनची चमक दबलेली असते, त्यामुळे ट्रायटन एक्स-100 हे अपमार्जक घालून पडदा फोडल्याशिवाय आणि औषध पूर्ण विरघळू दिल्याशिवाय घेतलेले मापन कमीच येणार.

पाण्यात न विरघळणाऱ्या औषधांत, उदाहरणार्थ पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगावरील औषधामध्ये, नेमके उलटे घडते: पडद्यात न बसलेले औषध स्फटिक होऊन वेगवान अपकेंद्रणात लिपोसोमबरोबरच तळाशी बसते आणि भरणी खोटी वाढलेली दिसते. स्फटिक आधी कमी वेगाच्या अपकेंद्रणाने किंवा गाळून काढावेत. लिपिडचे प्रमाण फॉस्फेट चाचणीने मोजणाऱ्यांनी नमुना फॉस्फेट बफरमध्ये नाही ना, याची खात्री करावी. ही चूक इतकी सोपी आहे की ती कोणाच्या लक्षातच येत नाही.

साठवण

माझ्या सुरुवातीच्या काळात तीन आठवड्यांच्या मेहनतीची एक बाटली मी शीतकपाटात अगदी मागच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. सकाळी तिच्या तळाशी बर्फाचा थर होता. ते वितळल्यावर द्रावण पूर्वीसारखेच पांढुरके दिसले, पण स्तंभावर ओतल्यावर निम्म्याहून अधिक औषध बाहेर आलेले आढळले. बर्फाचे स्फटिक पडदा फाडतात आणि गोलक एकमेकांत विलीन होतात, म्हणून सुक्रोज किंवा ट्रेहॅलोजसारखी संरक्षक साखर नसेल तर लिपोसोम गोठू देऊ नयेत. द्रवरूपात ते 2 ते 8 अंशांवर, आम्लता (पीएच) 6.5च्या आसपास ठेवावेत, कारण फॉस्फोलिपिडचे जलविघटन तिथे सर्वांत मंद असते. असंतृप्त लिपिड असतील तर नायट्रोजन किंवा आर्गॉनखाली, अंधारात.

लसींबाबतचे गैरसमज

कोविडच्या एमआरएनए लसींमधील कण लिपोसोम आहेत असे सर्रास लिहिले जाते, पण ते लिपिड नॅनोकण आहेत. त्यांच्यात पाण्याने भरलेली पोकळी आणि भोवती एक दुहेरी थर अशी रचना नसते. आयनीकरण होऊ शकणारे लिपिड आणि आरएनए यांचा तो दाट गाभा असतो. त्यामुळे फिल्म भिजवून गाळण्याची लिपोसोमची पद्धत त्यांना जशीच्या तशी लावून चालत नाही. तिथे अल्कोहोलमधील लिपिड आणि आम्लधर्मी बफरमधील आरएनए वेगाने मिसळावे लागतात.

खरे लिपोसोम नागिणीच्या शिंग्रिक्स लसीच्या एएस01 या सहायक घटकात, म्हणजे लसीचा परिणाम वाढवणाऱ्या मिश्रणात, आहेत. त्यातील क्यूएस-21 हे सॅपोनिन (साबणासारखे वागणारे वनस्पतिजन्य द्रव्य) एकटे असताना पेशींचे पडदे फोडते. लिपोसोममधील कोलेस्टेरॉल त्याला बांधून ठेवते. म्हणूनच मिश्रण सोपे करण्याच्या नादात असे कोलेस्टेरॉल कमी करणे धोक्याचे ठरते.

रुग्णाच्या खाटेपाशी

प्रयोगशाळेतली चूक फार तर एक नमुना वाया घालवते, इथली चूक जीव घेऊ शकते. लिपोसोममधील ॲम्फोटेरिसिन बी हे बुरशीविरोधी औषध, म्हणजे ॲम्बिसोम, निर्जंतुक पाण्यातच कालवावे आणि 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्येच पातळ करावे. सलाइनमध्ये ते साकळते. पाणी घातल्यावर कुपी किमान 30 सेकंद जोराने हलवावी, नाहीतर गुठळ्या राहतात.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लिपोसोममधील औषध आणि साधे औषध यांचे डोस एकमेकांच्या जागी कधीही वापरू नयेत. ॲम्बिसोम बहुधा दररोज प्रति किलो 3 ते 5 मिलिग्रॅम दिले जाते. तोच डोस साध्या ॲम्फोटेरिसिनचा दिला गेला तर हृदय बंद पडू शकते. म्हणून साध्या ॲम्फोटेरिसिनच्या चिठ्ठीवर प्रति किलो 1.5 मिलिग्रॅमपेक्षा मोठा आकडा दिसला, की हातातली कुपी खाली ठेवावी, तिच्यावरचे पूर्ण नाव अक्षर न् अक्षर वाचावे आणि डोस लिहिणाऱ्या डॉक्टरांना स्वतः विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.