ऑटिझमच्या रिपोर्टमधले मेंदूचे शब्द कसे वाचायचे
मुलाचा असेसमेंट रिपोर्ट मिळाला त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत मोबाईलवर एकेक शब्द शोधत बसले होते आणि वाचेन तेवढी जास्तच घाबरत गेले. नंतर ओटीच्या (ऑक्युपेशनल थेरपीच्या) ताईंनी सांगितलं, पेन्सिल घ्या आणि प्रत्येक अवघड शब्दाशेजारी मूल घरी नेमकं काय करतं ते लिहा. तुम्हीपण तेच करा.

पहिला शब्द बहुतेक न्यूरोडेव्हलपमेंटल असतो. म्हणजे मेंदूची जडणघडणच जरा वेगळी झालेली, आणि ती जन्माआधीपासून सुरू असते. आईने लक्ष दिलं नाही म्हणून असं झालं हे कोणी बोललं तर साफ चूक आहे, मनाला लावून घेऊ नका.

मग सेन्सरीवाला भाग, म्हणजे आवाज, स्पर्श अशा जाणिवांचा, इथे वेळ द्या. हायपर म्हणजे ती गोष्ट मेंदूला जास्त लागते, कुकरच्या शिट्टीला कान दाबणं, टीशर्टचं लेबल टोचणं वगैरे. हायपो म्हणजे कमी पोचते, गुडघा फुटला तरी रडत नाही. एकाच मुलात दोन्ही असू शकतं. डीएसएममध्ये, म्हणजे डॉक्टर निदानासाठी वापरतात त्या पुस्तकात, हे निकष म्हणून 2013 ला आलं, त्यामुळे जुन्या रिपोर्टमध्ये कदाचित दिसणार नाही.

वेस्टिब्युलर म्हणजे आतल्या कानातून येणारी तोलाची जाणीव, सारखं गोल फिरणं किंवा झोका न सोडणं याच्यापुढे लिहा. प्रोप्रिओसेप्शन म्हणजे स्नायू आणि सांधे मेंदूला कळवतात की हात कुठे आहे पाय कुठे आहे, अंधारात पण घास बरोबर तोंडात जातो तो यामुळेच, सोफ्यावरून धाडधाड उड्या आणि घट्ट मिठी मागणं इथे येतं. आणि इंटरोसेप्शन, म्हणजे भूक, तहान, शू लागलेली आतून कळणं. माझ्या मुलाला शू लागलेली वेळेवर कळायचीच नाही आणि तो मुद्दाम करतो म्हणून आम्ही ओरडायचो, हा शब्द समजला त्या दिवशी मी खूप रडले. आता दर दीड तासाने आम्हीच त्याला घेऊन जातो.

टेस्टचं थोडक्यात. बेरा म्हणजे आवाज कानापासून ब्रेनस्टेमपर्यंत (मेंदूच्या खालच्या देठापर्यंत) पोचतो का ते बघतात, बोलत नाही म्हणून आधी ऐकण्याची शंका काढायला. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद, फिट्सची शंका असेल तर. एमआरआय प्रत्येकाला लागत नाही. यातल्या कशानेच ऑटिझम आहे की नाही ठरत नाही, ते मुलाचं वागणं बघून आणि तुमच्याकडून माहिती घेऊनच ठरतं, त्यामुळे एमआरआय नॉर्मल आला म्हणून थेरपी थांबवू नका प्लीज.

लेव्हल 1, 2, 3 म्हणजे किती मदत लागेल ते, हुशारी नाही. अपंगत्वाच्या सर्टिफिकेटसाठीचा आयएसएएचा (ऑटिझम मोजायच्या भारतीय स्केलचा) स्कोअर वेगळा असतो, त्यात 70 ते 106 सौम्य, 107 ते 153 मध्यम आणि त्यावर तीव्र, लेव्हल आणि हा स्कोअर एकत्र करू नका.

हा पेन्सिलीने भरलेला कागद पुढच्या अपॉइंटमेंटला न्या आणि एकेक ओळ दाखवून विचारा, यासाठी घरी काय बदलू?