आतल्या कानाच्या संसर्गाने चक्कर येते? या चुका टाळा

आतल्या कानाला किंवा तिथून मेंदूकडे जाणाऱ्या तोलाच्या नसेला सूज आली की अख्खी खोली गरगर फिरते, उलट्या होतात, पाऊल टाकवत नाही. पहिले दोन-तीन दिवस अंथरुणातच जाणार. मोठी चूक त्यानंतर होते. पुन्हा गरगरेल या धास्तीने माणूस मान ताठ धरून आठवडाभर पडून राहतो. सुजलेल्या बाजूकडून तोलाचा संदेश कमी येतो, दुसऱ्या बाजूकडून पूर्ण. या तफावतीशी मेंदूला जुळवून घ्यावं लागतं, आणि ते हालचालीशिवाय होत नाही.

गोळ्यांचंही तेच. प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन यांनी मळमळ आणि गरगर आवरते, पण मेंदूचं हे शिकणंही मंदावतं. म्हणून त्या साधारण तीन दिवसांपुरत्याच. जुन्या चिठ्ठीवर महिनाभर चालू ठेवू नका.

उलट्या थांबल्या की व्यायाम सुरू करा. खुर्चीत बसून हात लांब करा, अंगठ्याच्या नखावर नजर रोखा आणि मान डावी-उजवीकडे हलवा. नख स्पष्ट दिसेल इतकाच वेग ठेवा. ते पुसट झालं तर वेग कमी करा. एक मिनिट, दिवसातून तीनदा. नंतर हेच उभं राहून, भिंतीजवळ. थोडं गरगरणारच, तेवढ्याने सोडून देऊ नका. मात्र १५-२० मिनिटांत ते ओसरलं नाही, तर पुढच्या वेळी वेळ निम्मा करा.

व्हिडिओ बघून एप्लीचा प्रकार (डोकं ठराविक क्रमाने वळवण्याची कृती) करणंही व्यर्थ. तो कानातले कण सरकल्याने, कूस बदलताच काही सेकंद येणाऱ्या चक्करेसाठी आहे. इथे चक्कर तासन् तास, कधी दिवसेंदिवस टिकते. कानात थेंब घालूनही उपयोग नाही, ते आतल्या कानापर्यंत पोचतच नाहीत. संसर्ग बहुधा विषाणूचा असल्याने अँटिबायोटिकही स्वतःहून घेऊ नये. कानातून पू येत असेल तर गोष्ट वेगळी, डॉक्टरांना दाखवा.

रात्री अंधारात बाथरूमला जाऊ नका. कानाचा आधार कमी झाल्यावर तोल डोळ्यांवर पेलला जातो, दिवा नसला की तोही जातो. चक्कर असेपर्यंत गाडी चालवणं, शिडी चढणं बंद.

बोलणं अडखळणं, एकाचे दोन दिसणं, तोंड वाकडं होणं, हातापायातली ताकद जाणं, अचानक तीव्र डोकेदुखी, आधार घेऊनही उभं न राहता येणं: यातलं एकही दिसलं तर कान समजून थांबू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा. पक्षाघातही असाच सुरू होतो. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. त्यावरच्या स्टिरॉइडचा गुण लवकर सुरू केलं तरच येतो.