बुलेटची थरथर आणि 34 ग्रॅमचा हिशेब

काकांची 1974 ची बुलेट 350 इंदूरला रामबागेतल्या वाड्यात बारा वर्षं उभी होती. सिलिंडर आतून कातून (बोअर करून) नवा पिस्टन, नवं बिग एंड (पिस्टनच्या रॉडच्या खालच्या टोकाचं बेअरिंग) टाकलं. इंजिन सुरू झालं, पण ताशी 60 च्या पुढे हँडल इतकं थरथरे की बोटं बधिर व्हायची. पुन्हा उघडलं.

आधी क्रँक (पिस्टनच्या वरखाली हालचालीने फिरणारा इंजिनातला दांडा) व्ही-ब्लॉकवर, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर, ठेवून बारीक वाकडेपणा मोजणारा डायल गेज लावला. 0.12 मिमी वाकडा! यात दोन्ही फ्लायव्हील (जड चाकं) क्रँकपिनवर, म्हणजे रॉड जिला जोडलेला असतो त्या पिनेवर, नटांनी आवळलेली असतात. तांब्याच्या हातोड्याने ठोके देत 0.02 वर आणायला अख्खा रविवार गेला. इथे घाई अजिबात करू नका, एक ठोका जास्त पडला की सगळं पहिल्यापासून.

खरी गोम मात्र वजनात निघाली. नवा पिस्टन रिंगा-पिनसकट जुन्यापेक्षा 34 ग्रॅम जड! एका सिलिंडरच्या इंजिनात वरखाली होणारं वजन पूर्ण तोलता येत नाही. तोललं तर तोच धक्का पुढे-मागे बसतो. मी त्या वजनाचे 60 टक्के तोलायचे धरले, म्हणजे वाढलेल्या 34 ग्रॅममुळे सुमारे 20 ग्रॅमची तूट. रॉडच्या लहान (पिस्टनकडच्या) टोकाला या हिशेबाने येणारं वजन टांगून क्रँक दोन समतल पट्ट्यांवर ठेवला, की क्रँकपिनची बाजू दर वेळी खाली. ओळखीच्या खरादवाल्याकडून त्या बाजूला दोन्ही फ्लायव्हीलना सारखी भोकं पाडून घेतली, थोडी थोडी, दर वेळी तपासत. शेवटी क्रँक सोडू तिथेच थांबू लागला.

काल काकांना मागे बसवून उज्जैनला जाऊन आलो. 70 वर आरशात मागचा ट्रक स्वच्छ दिसत होता.