सुजलेले डोळे, चहासारखी लघवी : या चुका टाळा

सकाळी मुलाचे डोळे सुजलेले दिसले, की ‘काहीतरी चावलं’, ‘ॲलर्जी असेल’ यापुढे कुणी जात नाही. किडनीचा आजार मनातही येत नाही. लघवीचा रंग विचारायचं तर डॉक्टरांनाही सुचत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

तिसरीतला एक मुलगा असाच चार दिवस डोळ्यांत थेंब घालून शाळेत जात होता. पाचव्या दिवशी डोकं ठणकलं, उलटी झाली आणि वर्गातच फिटचा झटका आला. आमच्याकडे आणला तेव्हा बीपी १६०/११०. आधी कुणी मोजलंच नव्हतं, मुलांचा पट्टाच नव्हता म्हणे. हात उलटे करून पाहिले, तर बोटांच्या बेचक्यांत खरजेचे सुकलेले डाग. आई म्हणाली, “महिन्यापूर्वी फोड पिकले होते, पण बरे झाले की! लघवी कोऱ्या चहासारखी होते, उन्हाळी लागली असेल म्हटलं.”

‘बरे झाले’ इथंच सगळे फसतात. घशात किंवा खाजवलेल्या कातडीत शिरलेल्या स्ट्रेप्टोकोकस या जंतूशी लढताना तयार झालेली प्रतिपिंडं जंतूच्या अंशांसह किडनीच्या गाळण्यांत अडकतात आणि गाळण्या सुजतात (ग्लोमेरुलोनेफ्रायटिस), त्याला वेळ लागतो. घसा दुखल्यावर एक ते तीन आठवडे, कातडीच्या फोडांनंतर तीन ते सहा.

माझी सवय ठरलेली आहे. आधी हात-पाय बघायचे, मग मुलाच्या दंडाच्या मापाच्या पट्ट्यानं बीपी, मग लघवी पारदर्शक डबीत उजेडात धरायची. पट्टा मोठा असला तर बीपी खोटं कमी दिसतं. नव्या डॉक्टरांना एवढीही सवड नसते, पण स्टिरॉइड लिहायची घाई असते. या आजारात सहसा त्याची गरज नसते.

लघवी कमी झाली म्हणून शहाळं पाजू नका. पाणी अंगात साठून फुप्फुसात उतरतं, वर पोटॅशियम वाढलं तर हृदयाला धोका. पाणी डॉक्टर सांगतील तेवढंच. पापड, लोणचं, फरसाण बंद.

एएसओ (स्ट्रेप्टोकोकसविरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी) नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका, कातडीच्या संसर्गानंतर तो अनेकदा वाढतच नाही.

बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. तोही झाला, आठव्या आठवड्यात सी-३ (या आजारात कमी होणारं रक्तातलं प्रथिन) पूर्ववत आलं. ते खालीच राहिलं असतं तर दुसरा आजार शोधावा लागला असता, म्हणून ती तपासणी चुकवू नका. त्याची धाकटी बहीण मात्र तेव्हाही खाजवतच होती. खरजेचं मलम त्याला एकट्यालाच लावलं होतं. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावा, आठवड्यानं पुन्हा.